सासूबाई, कड्यावर चला

प्रिय सासूबाई,

आपल्या नवाहो भाषेत सासूला शब्दच असा आहे, ‘जिला बघायचं नाही ती’. लग्न झालं त्या दिवसापासून मी तो शब्द इमानाने पाळत आलोय. तुमच्या अंगणाला लागून माझं घर, तुमच्या मेंढ्या माझ्या वाड्यात, तुमची लेक माझ्या डोक्यावर, आणि तरी तुमचं नाक सरळ आहे की बसकं, हे मला आजतागायत ठाऊक नाही. जावयाने सासूचं तोंड पाहिलं तर दोघांपैकी कुणाचेही डोळे जातात, असं आपले वडीलधारे सांगत आले. मग कोण कशाला बघेल? एकमेकांशी बोलायचंही नाही. पण पत्र लिहायला कुणी मनाई केल्याचं मी तरी ऐकलं नाही. म्हणून बसलो. लाकडं फोडायच्या ओंडक्यावर तुम्ही माझ्यासाठी झाकून थाळी ठेवता ना, तिथेच, रिकाम्या थाळीखाली हे कागद ठेवतोय. कागद इतके का लागले ते शेवटी सांगेन.

आधी मुद्द्याचं. येत्या शनिवारी तुम्हाला कड्यावर न्यायचं असं तुमच्या लेकीने, लोरिंडाने, आणि मी ठरवलं, आणि तुम्ही ‘मी नाही येणार’ म्हणून भिंतीकडे तोंड करून झोपलात. लोरिंडा तेव्हापासून भांडी आदळते आहे. कालचा रस्सा नुसता खारट होता, तोही तुमच्यामुळेच. तेव्हा हे पत्र म्हणजे जावयाचा हट्ट समजा. तुम्ही येणार आहात.

शस्त्रक्रियेनंतर तुमच्या डोळ्यांवरची पट्टी निघाली तो दिवस आठवा. तुम्ही दवाखान्यात आत, मी बाहेर गाडीत, आणि तुम्ही खिडकीशी याल या भीतीने टोपी नाकापर्यंत ओढलेली. तेवढ्यात लोरिंडा पळत आली, हसतेय की रडतेय काही कळेना. म्हणाली, “आईला दिसायला लागलं!” मी म्हटलं, “कशावरून?” तर म्हणे, “मला बघून पहिलं वाक्य काय बोलली माहितेय? ‘अगं बाई, केवढी जाडी झालीस!’” सासूबाई, मी गाडीतून उतरून तिथेच नाचलो. चौकीदार धावत आला, काय झालं म्हणून. मी म्हटलं, “माझ्या सासूने माझ्या बायकोला जाडी म्हटलं!” त्याने माझा हात धरून गदागदा हलवला. तोही कुणाचा तरी जावई असणार. त्यानंतर तुम्ही चुलीवरची काजळी काढलीत, खिडकीतून शेळ्या मोजून एक कमी आहे म्हणून ओरडलात, आणि ती खरंच कमी होती. इतकी वर्षं घरात जो अंधार बसला होता तो त्या आठवड्यात सामान उचलून निघून गेला.

तुमच्या घंटीचं सांगतो. लग्नानंतर तुम्ही घागऱ्याच्या कमरेला एक छोटी घंटी बांधलीत, म्हणजे तुम्ही येताय हे मला लांबून कळावं आणि मी वाट सोडावी. नवीन होतो, भित्रा होतो. एकदा मेंढवाड्यात होतो आणि किणकिण ऐकू आली. मी पाण्याच्या पिंपामागे दडून बसलो, तोंड मांडीत खुपसून. किणकिण काही जाईना. दुपार कलली, पायांना मुंग्या आल्या, मेंढ्या अंगावरून चालल्या, तरी मी आपला बसलेला. शेवटी तुमची लेक आली आणि म्हणाली, “तू त्या तांबड्या शेळीपुढे का बसलायस वाकून?” तांबडीच्या गळ्यात त्याच दिवशी कुणीतरी घंटी बांधली होती! ती गोष्ट तुम्ही पंचायतीच्या सभेत सांगितलीत. अजूनही दुकानात पीठ आणायला गेलो की म्हातारे विचारतात, “काय रे, शेळीसासू बरी आहे ना?” मला राग यायचा तेव्हा. नंतर तुमचे डोळे मंदावले, तुम्ही घराबाहेर पडेनाशा झालात, मागावरचं अर्धं घोंगडं तसंच ताणलेलं राहिलं, आणि अंगणातली किणकिण बंद पडली. तेव्हा मला कळलं की मी रोज सकाळी कान कुठे लावून बसत होतो. ओंडक्यावर थाळीही यायची थांबली, ती आता कुठे परत येतेय. लोरिंडा वाढायचीच की, पण झाकलेल्या फडक्याखालची तुमच्या हातची निळ्या मक्याची लापशी वेगळी. हे तिला सांगू नका.

आता आयरीनआत्याचं. तुमची नणंद, तिच्याबद्दल वाईट बोलायचं नाही, पण तिच्या जिभेला हाड नाही हे तुम्हीच म्हणता. ओढ्याला पूर आला त्या वर्षी तुमची गाडी मधोमध रुतली. मी काठावर. दुसरं कुणी नव्हतं. मी पाठमोरा उभा राहून काठावरच्या झाडाला उद्देशून ओरडलो, “घोंगडं घ्या डोक्यावरून, पायापर्यंत!” आणि उलट्या पावली पाण्यात शिरलो. तुम्हाला पिठाच्या पोत्यासारखं खांद्यावर टाकलं. मी सरळ चालत होतो, तरी तुम्ही घोंगड्याच्या आतून माझ्या पाठीत बुक्क्या घालत आभाळाला सांगत होतात, “या माणसाला कुणीतरी सांगा रे, मी मेंढी नाही!” आपण दोघे एकमेकांशी बोललो नाही, नियम मोडला नाही. मी तुमचा फक्त एक चिखलाने माखलेला जोडा पाहिला. पण आत्या पलीकडच्या टेकाडावर होती, आणि तिला म्हणे घोंगडं सरकताना दिसलं. पुढे वर्षभरात तुम्हाला धूसर दिसायला लागलं, आणि तिने गावभर केलं, “जावयाने तोंड बघितलं, आता भोगा.”

सासूबाई, मी नाही बघितलं. पण त्या बोलण्याने माझी झोप उडाली, हे खरं. तुमचीही उडाली असणार, म्हणून तुम्ही इतकी वर्षं दवाखान्याचं नाव काढू दिलं नाहीत. ‘जे व्हायचं ते झालं’ म्हणत बसलात. शेवटी तुमच्या लेकीने तुम्हाला जवळजवळ उचलून नेलं, आणि डॉक्टर म्हणाला, “आजी, हा मोतीबिंदू आहे. म्हातारपणी सगळ्यांना होतो.” सगळ्यांना! आणि आता ऐका. मागच्या आठवड्यात आयरीनआत्या त्याच डॉक्टरकडे गेली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तिला तर नुसते मुलगेच, जावई नावाचा प्राणी तिच्या दारात कधी आला नाही. मी काही म्हणत नाही, फक्त विचारतो: बाई कुणाचं तोंड बघून बसली?

पण तुमच्या मनात अजून काटा आहे. लोरिंडाला तुम्ही काल म्हणालात ते मी कुडाआडून ऐकलं, “एकदा देवाने परत दिलंय, आता त्याच माणसाबरोबर कड्यावर जाऊन पुन्हा घालवू का?” म्हणूनच सगळा बेत नीट आखलाय, कुठेही फट ठेवली नाही. तो वाचा आणि मग नाही म्हणा.

तुम्ही आणि लोरिंडा तुमच्या गाडीत. मी माझ्या भावाच्या जुन्या खटाऱ्यात, मागून. पुढून गेलो असतो, पण कच्च्या रस्त्याची धूळ तुमच्या नव्या डोळ्यांत गेली तर डॉक्टर माझी चामडी लोळवेल. मागून येताना तुमची मान दिसू नये म्हणून तुमच्या गाडीच्या मागच्या काचेला आतून मेंढीचं कातडं टांगलंय. लोरिंडा म्हणते गाडी आता लोकरीचं दुकान दिसते. निघायचं ते उजाडण्याआधी, कारण या दिवसांत ऊन वर आलं की वारा सुटतो आणि वाळू उडते. कड्यावर पोचू तेव्हा पूर्व नुकती उजळत असेल. तुमची मक्याच्या परागाची पिशवी घ्या, तुमच्या आईच्या होगानाचे, त्या जुन्या गोल घराचे, दगड अजून जिथे गोल पडलेत तिथे उभं राहून तुम्हाला उगवत्या सूर्याला पराग वाहता येईल, लहानपणी वाहत होतात तसा. तिथून नदी कशी वळसा घेऊन परत फिरते ते तुम्हाला मी काय सांगणार, तुम्ही त्या कड्यावर मेंढ्या राखल्यात. त्या वळशामुळे कड्याला दोन नाकं झालीत. पूर्वेच्या नाकावर तुम्ही. पश्चिमेच्या नाकावर मी. मध्ये दरी, आणि माझ्या बाजूला ते भलंमोठं जुनिपरचं झाड. मी झाडाआडून खाली बघणार, तुम्ही तिकडून खाली बघायचं. एकमेकांना बघायचं नाही, पण पाणी दोघांनी एकच बघायचं. पूर्वजांनी याला आडकाठी केली असेल तर मला दाखवा. मागाहून लोरिंडा रस्सा आणि तळलेल्या भाकरी दोन्हीकडे पोचवेल. तिला दोन्ही नाकांवर चालत जावं लागेल, पण डॉक्टरच्या खोलीत तुम्ही जे बोललात त्यानंतर तिची चालायला ना नाही.

तुम्ही म्हणाल, तिथे आता बघायला काय उरलंय. हे तुम्ही नेहमी म्हणता. तुमच्या वडिलांची पीचची झाडं खाली नदीकाठच्या त्या जमिनीच्या जिभेवर होती, झरा बुजला, झाडं वाळली, आणि तेव्हापासून तुम्ही कड्याकडे पाठ केलीत. डोळे गेल्यावरही दर वसंतात तुम्ही लेकीला विचारायचात, “पीचचा वास येतोय का गं?” आणि ती खिडकी लावून घ्यायची. मी कुडाच्या या बाजूला ऐकायचो.

मी खाली गेलो होतो, सासूबाई. पहिल्यांदा नुसतं बघायला. खोडं वाळली होती खरी, पण बुंध्यातून धुमारे आलेले होते, मेंढरांनी कुरतडलेले. मी काट्यांचं कुंपण घातलं. पुढच्या हिवाळ्यात झऱ्यावरची दरड हातांनी उपसली आणि पाइप टाकून पाणी बुंध्यांपाशी नेलं. लोरिंडाला सांगितलं की जनावर शोधायला जातोय. तिला वाटायचं माझी जनावरं फारच पळपुटी आहेत. दोन हिवाळे गेले. परवा मी कड्यावरून खाली पाहिलं, आणि तिथे नदीच्या वळशात, त्या तांबड्या दगडांच्या तळाशी, गुलाबी रंगाचा एक डाग होता. पीच फुललेत. वरून नखाएवढे दिसतात. जुन्या डोळ्यांना दिसले नसते, तुमच्या नव्या डोळ्यांना दिसतील. वारा सुटला की फुलं आठ दिवसही टिकणार नाहीत. म्हणून हाच शनिवार, पुढचा नाही.

आता कागदांचं. अक्षरं बोटाएवढी काढली आहेत, म्हणून लोकर गुंडाळायच्या कागदाची अख्खी सुरळी संपली. निरोप द्यायला लोरिंडा होती, पण तिला मी यातलं काहीच सांगितलेलं नाही. इतकी वर्षं आपल्या दोघांमधला शब्दन् शब्द तिच्या तोंडून गेला. माझं ‘लापशी छान होती’ ते ‘बरी होती’ करून तुमच्याकडे पोचवायची, आणि तुमचं काय काय गाळून मला सांगायची, देव जाणे. लहानपणी तुम्हाला सरकारने त्या निवासी शाळेत नेलं, केस कापले, आपली भाषा बोललात की शिक्षा केली. त्या शाळेतून तुम्ही एकच गोष्ट घेऊन पळालात, अक्षरं. ती इतकी वर्षं अंधारात पडून होती. डोळे परत आल्यावर तुम्ही पहिल्यांदा जे वाचाल ते पिठाच्या पोत्यावरचं नाव नसावं, कुणाच्या तोंडून आलेलं नसावं, ते थेट तुमच्यासाठी कुणीतरी लिहिलेलं असावं, एवढ्यासाठी हे पत्र. इथपर्यंत तुम्ही एकट्याने वाचत आला असाल, तर सासूबाई, आपण जिंकलो. उत्तर लिहायची गरज नाही. उद्या सकाळी मेंढ्या सोडताना मी वाड्यामागे पाठमोरा उभा असेन. यायचं असेल तर घंटी कमरेला बांधून एकदा अंगणातून चालून जा. यावेळी माझी फसगत होणार नाही. तांबडीच्या गळ्यातली घंटी मी आजच काढून ठेवली आहे.

तुमचाच, न पाहिलेला,
डेल्बर्ट