मीच मला उठवलं

ती. अक्कांना,

तुमच्या दोन्ही गुडघ्यांसकट तुम्हाला साष्टांग नमस्कार. (जिना चढू देतात ना आता?) इकडे सर्व क्षेम आहे, म्हणजे घर जागच्या जागी आहे. तुमची धाकटी बहीण रुसून तुमच्याकडे आली, त्याचं कारण तिनं सांगितलं नसेल, म्हणून मीच सांगतो.

आमच्या मुलाचे सासू-सासरे येणार आणि त्यांना स्पॅनिशखेरीज काही येत नाही, म्हणून आम्ही दोघं संध्याकाळच्या क्लासला जातो. गेल्या आठवड्यातला धडा होता, काल स्वतःचं काय काय केलं ते सांगायचं. त्या भाषेत नुसतं उठून भागत नाही, 'मी मला उठवलं' अशा थाटात बोलावं लागतं. (मोठी स्वावलंबी भाषा, अक्का!) मी धडाधड म्हणून टाकलं: मे लेवान्ते, मे बान्ये, मे वेस्ती. उठलो, आंघोळ केली, कपडे घातले. बाई खूश, वर्गाच्या टाळ्या. तेवढ्यात शेजारून ही चक्क मराठीत म्हणाली, "उठवलं मी. पाणी काढलं मी. शर्ट हातात दिला मी." मग बाईंनी तिला विचारलं. 'मे सेन्ते', म्हणजे 'बसले', म्हणायला तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. "काल बसायला मिळालंच नाही. खोटं कशाला बोलू?" अख्ख्या वर्गात नेमका मी एकटा हसलो.

तेव्हापासून मीच मला उठवतो. दिवसभर दुकानात लोकांची घड्याळं दुरुस्त करणारा मी, पण सकाळी गजराचा गळा दाबणाराही मीच. काल गार पाण्यानं आंघोळ झाली (गिझरचं बटण बाहेर असतं म्हणे), शर्ट इस्त्रीला चिकटला, आणि गिऱ्हाइकानं घड्याळाऐवजी माझे दोन रंगांचे मोजेच पाहिले. क्लासात मात्र आता सांगतो ते शंभर टक्के खरं असतं. पण घर खायला उठतं, अक्का. चहा सवयीनं दोन कप होतो आणि दोन्ही मलाच प्यावे लागतात.

आमच्या साडूंना नमस्कार सांगा.

तुमचा मेहुणा

ता. क. पत्र तिला दाखवू नका. दाखवलंच तर इस्त्रीचा भाग गाळा, शर्ट तिनंच घेतलेला होता.

ता. क. पुन्हा. तिला पाठवा असं मी म्हणणार नाही. निवांत बसू दे. मीच येतो न्यायला, अगदी माझा मी. फक्त सहज विचारल्यासारखं करून तिला विचारा आणि उलट टपाली कळवा, आमची प्रवासाची बॅग कुठे असते?