बाजूच्या खोलीत बसवल्याबाबत

मंगळवार, ११ नोव्हेंबर २०२५

संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी माझा अपमान झाला. नोंद असावी.

पत्ता डॉक्टरांनी दिलेला. सदर भागात, चर्चमागची शाळा, तळमजल्यावर दोन वर्ग. "दारू एकदम, एकट्यानं सोडू नका. गोळ्या देतो, पण दारू सोडणाऱ्यांच्या सभेला जा." गेले. कडक इस्त्रीची साडी, वास जावा म्हणून तोंडात संत्र्याची साल. पहिल्या वर्गात सगळे पुरुष. मला बघून उभेच राहिले, मुख्याध्यापिका आल्यासारखे! खापरखेड्याचा एक मफलरवाला तिथलं सगळं बघतो. "या माय. मॅडमले खुर्ची द्या गा! कोण पिते, पोरगा का घरधनी?"

मी पिते. दोन शब्द. फुटेनात.

"राहू द्या माय. घरच्यांची बैठक बाजूच्या खोलीत हाय. चहा भी तिकडंच."

आणि मी मुकाट्यानं गेले! मी!

तिकडे बायका. माझी पाळी आली. कॉन्व्हेंटात सिस्टर म्हणायच्या, उभं राहा आणि खरं बोला. उभी राहिले आणि म्हणाले, "माझे मिस्टर पितात."

हे जाऊन सहा वर्षं झाली. जन्मात द्राक्षासवाला शिवले नाहीत. आता भिंतीवरच्या फोटोतून बघतायत. बघा.

पुढेही बोलत सुटले. मुलगी बाळंतपणाला येतेय, घरात हे असं, काय करू? हिरव्या स्वेटरवालीनं माझा हात धरला. "लेकरू त्याच्या हाती देऊ नका माय. माह्या नवऱ्याच्या हातून पडलं होतं."

पुढचं विचारायचा धीर झाला नाही.

बुधवार, १२

प्यायले. साडेपाचला सुरुवात. किती, ते लिहीत नाही.

सकाळी कामठीच्या सुभेदारांचा फोन. ह्यांचे मित्र, मिलिटरी कॅन्टीनची रम आणून देतात. मी ख्रिसमसच्या केकसाठी म्हणून मागते. "वहिनी, यंदा बहुतच केक करून राहिल्या! आम्हाले तुकडा तर पाठवा एखादा." आणि हसले. साधंच हसले की...

दिवसभर तेच हसणं डोक्यात.

गुरुवार, १३

दुपारी उशीच्या अभ्र्यात तीन किलो कणीक भरली. गाठ मारली. कडेवर नव्हे, दोन्ही हातांवर, नवजात धरतात तशी. हॉलमधून स्वयंपाकघरापर्यंत. पडली नाही. पण हात असे थरथरत होते की अभ्र्यातून पीठ भुरभुरत राहिलं.

शेवंता भांडी घासायला लवकर टपकली. "बाई, हे काय करून राहिल्या वं?"

"तुझं काम कर."

फरशीवरची पांढरी रेघ तिनंच पुसली. ही बाई गप्प बसते तेव्हा फार भीती वाटते.

शुक्रवार, १४

मनूचा फोन पुण्याहून. आठवा लागलाय, डॉक्टरांनी प्रवासाला परवानगी दिली. बुधवारी सकाळी गाडी पोचते. "आई, आवाज असा का गं तुझा?" सर्दी, म्हणाले. "तुझी सर्दी संध्याकाळीच बरी होते गं." थट्टा होती. असावी.

पुन्हा सभेला. आज पहिल्या वर्गातच शिरायचं ठरवलेलं. एक पाय उंबऱ्याच्या आत. मफलरवाला लगबगीनं पुढे: "माय, तुमची खोली तिकडं ना. इथं सगळे बेवडे बसतात." सगळे हसले, स्वतःवरच. आदरानं हाताला धरून सोडलं मला बाजूला. इतक्या आदरानं कुणी कुणाला बुडवत नसेल.

हिरवी स्वेटरवाली: "घरचे कसे हायेत माय?"

"आहेत."

मग विचारलंच. तुमचं ते बाळ?

"कॉलेजात हाय आता. एका कानानं ऐकू येत नाही त्याले."

घरी आले. सरळ कपाटाकडे. साडी बदलायच्या आधी.

रविवार, १६

काही नाही. म्हणजे सगळी बाटली.

सोमवार, १७

नोकरीभर लोकांच्या तक्रारींना उत्तरं मीच लिहिली. तोंडानं जमलं नाही ते कागदावर जमतं. दुपारी शाळेच्या शिपायाकडे पाकीट देऊन आले. मफलरवाला संध्याकाळी चावी घ्यायला येतो म्हणे. सही पूर्ण नावानिशी, पत्त्यासह. परत मागून आणावं म्हणून दोनदा चपला घातल्या. नक्कल:

"दि. ११ रोजी सायं. ६.१० वाजता मला बाजूच्या खोलीत पाठवण्यात आले. दि. १४ रोजी पुन्हा. कोण पितो, हे विचारलेत. तुम्ही पिता का, हे एकदाही विचारले नाहीत. साडी आणि पांढरे केस पाहून परस्पर ठरवलेत. पिते ती मी.

माझे कै. पती कधीही प्यायले नाहीत. ही दुरुस्ती बाजूच्या खोलीत वाचून दाखवावी, विशेषतः हिरव्या स्वेटरच्या बाईंना.

पिणाऱ्या बाईला पहिल्या खोलीत खुर्ची आहे की नाही, एवढेच लेखी कळवावे. उत्तर उद्या, मंगळवारी, संध्याकाळी पाचच्या आत माझ्या घरी पोचले पाहिजे. परवा मुलगी येते. पाचनंतर पोचलेले उत्तर वाचण्याच्या स्थितीत मी असेन, याची हमी देता येत नाही."