बाबांचा मेंदू आणि माझं वेळापत्रक

४ फेब्रुवारी, मंगळवार
आज निदान झालं. मीच केलं. बाबांना म्हातारपणचा विसर लागलाय. सकाळी चष्मा चहात बुडवून ठेवला आणि मला विचारलं, "ऑइल बदललं का?" (बाबा जन्मभर लिफ्ट मेकॅनिक.) परवापर्यंत पेपरातलं शब्दकोडं एकटे सोडवत होते. सौ. म्हणाली, "परवापर्यंत ठीक होते म्हणूनच म्हणते, काहीतरी झालंय." हिला सगळीकडेच 'काहीतरी झालंय' दिसतं. मी कंपनीत ट्रेनिंग ऑफिसर. महिनाअखेरीला साहेबांसमोर माझं सेशन आहे, विषय 'स्मरणशक्ती वाढवा'. घरबसल्या केस मिळाली. मेंदू म्हणजे स्नायू. वापरला नाही की गंजतो.
संकल्प: उद्यापासून बाबांचा मेंदू कामाला लावायचा.

५ फेब्रुवारी
वेळापत्रक भिंतीवर चिकटवलं. आधी वार-तारीख, मग उलटे पाढे, मग फोटोतली माणसं ओळखणे. बाबा सातच्या पाढ्यातच झोपले. शिस्त लागेल हळूहळू.
सारखे बाथरूमला जातात. तिथे वेळही फार लावतात. पाढे चुकवायला असणार. शाळेत आम्हीही हेच करायचो.

६ फेब्रुवारी
अंथरूण ओलं. सौ.ने निमूट चादर बदलली. मग म्हणाली, वास उग्र येतोय, बाबा जळजळतं असं पुटपुटत होते, डॉक्टरांना दाखवू या. म्हटलं, आधी थर्मामीटर लाव. लावला. ताप नाही. ताप नाही म्हणजे इन्फेक्शन नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. विषय संपला.
ओल्या चादरीवर उपाय अगदी सरळ आहे: पाणी कमी. बाबांच्या उशाची बाटली उचलून कपाटावर ठेवली. दिवसाला तीन ग्लास, ठरल्या वेळी.

७ फेब्रुवारी
फरक पडला! बाथरूमच्या फेऱ्या निम्म्यावर. लगेच स्लाइड करून टाकली.
दुपारी बाबा एकदम हुशारीत. सौ.शी नीट बोलले, कोड्यातला एक शब्दही सांगितला. संध्याकाळी पुन्हा मला ओळखेनात. सौ. म्हणाली, "म्हातारपणचा विसर दुपारी जाऊन संध्याकाळी परत येतो का?" प्रश्न बरा होता. पण ऑफिसचे मेल राहिले होते.

८ फेब्रुवारी, शनिवार
सुट्टी. वाटलं, आज क्लास पूर्ण होईल.
बाबा स्क्रूड्रायव्हर घेऊन कपाटाच्या बिजागऱ्या काढत होते. म्हणे लिफ्ट अडकलीय, आत माणसं आहेत. मी शांतपणे सांगितलं की हे कपाट आहे. त्यांनी मला ढकललं. माझ्या बाबांनी. "हो बाजूला! गुदमरतायत ती!" दार उघडून शर्ट दाखवले, तर शर्टांशीच बोलायला लागले. "घाबरू नका, आलोय मी." स्क्रूड्रायव्हर सोडेनात.
मी घाबरलो नाही. पाय दुखत होते म्हणून खाली बसलो.
सौ. धावत आली. म्हणाली, "बाबा, माणसं सुटली हो. सगळी खाली उतरली. तुम्ही दमलात, पाणी प्या." बाबांनी स्क्रूड्रायव्हर तिच्या हातात दिला आणि ग्लास एका दमात रिकामा केला. आणखी मागितलं. तिने दिलं. वेळापत्रकाबाहेर.
मग माझ्याकडे वळून, "आत्ता डॉक्टरकडे." म्हटलं, शनिवारी कोण भेटतंय? सोमवारी नक्की. अगदी पहिलं काम.

९ फेब्रुवारी, रविवार
बाबा शांत. 'प्रगती' असं लिहायला घेतलं. तारीख विचारली. उत्तर नाही. खांदा हलवला. डोळे उघडले, मिटले. ओठांची सालं निघालेली, हात गार, श्वास भराभर. म्हटलं, गाढ झोप लागलीय.
सौ.ने मला काहीच विचारलं नाही. सरळ अँब्युलन्सला फोन केला.
बाबांना चादरीत घालून जिना उतरवताना तिचं एक टोक मी धरलं होतं. वेळापत्रकही बरोबर घेतलं. डॉक्टरांना उपयोगी पडेल.

तोच दिवस, दुपार
डॉक्टरीणबाई माझ्यापेक्षा बऱ्याच लहान. म्हणाल्या, लघवीचं इन्फेक्शन, रक्तात पसरलंय. मी म्हटलं, ताप नव्हता. त्या म्हणाल्या, या वयात ताप येतोच असं नाही, अचानक गोंधळणं हीच कधीकधी पहिली खूण असते. जंतू मेंदूत शिरायलाच हवेत असंही नाही. त्यांच्याशी लढताना अंगात जी आग पेटते तिची झळ मेंदूला लागते. थकलेल्या मेंदूला जास्त.
मग विचारलं, पाणी किती पीत होते?
मी म्हटलं, "साधारण."
सौ. म्हणाली, "तीन ग्लास. मोजून."
डॉक्टरीणबाईंनी लिहून घेतलं. वेळापत्रक मी खिशातून काढलं नाही.

१२ फेब्रुवारी
सलाइन, अँटिबायोटिक चालू. चोवीस तास सौ. तिथेच. मला कॉरिडॉरमध्येच बरं वाटतं, आत हवा कमी आहे. आज बाबांनी डोळे उघडून "सूनबाई" अशी हाक मारली. मी तेव्हा खाली चहाला गेलो होतो. साहेबांचा फोन आला. म्हटलं, सेशन दुसऱ्या कुणाला द्या. कारण विचारलं नाही त्यांनी. मोठा माणूस.

२७ फेब्रुवारी, गुरुवार
बाबांना तपासणीला नेलं. चालत गेले. वार, महिना, सगळं बरोबर. विसापासून उलटे आकडे म्हणाले, एकही चूक नाही. मनात म्हटलं, पाया मीच घातला होता ना! सौ.कडे पाहिलंही. ती बाबांचा स्वेटर नीट करत होती.
डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे बोट दाखवलं. बाबा म्हणाले, "ही माझी सून. हिच्यामुळे आहे मी."
मग माझ्याकडे.
बाबांनी बराच वेळ पाहिलं. अदबीने उठून उभे राहिले. "हे सर. घरी शिकवायला येतात."
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, इन्फेक्शन गेलंय, पण मेंदूवरची झळ उतरायला महिने लागतात. काहींचं सगळं परत येतं. काहींचं नाही. वाट बघू.
बाहेर पडताना सौ. औषधं घ्यायला गेली. बाबा माझ्याशेजारी अंग चोरून उभे. जरा वेळाने हळूच विचारलं, "सर, आज सुट्टी?"
"हो," म्हटलं.
केवढे हसले.