लोखंडातली दोन अक्षरे

मी, चंदना बाळगोंडा मगदूम, वय चौऱ्याहत्तर, धंदा शिवणकाम, राहणार निपाणी, हे मृत्युपत्र माझ्या मर्जीने करते. माझ्यावर कुणाचा दबाव नाही. माझी बुद्धी शाबूत आहे. गेल्या महिन्यापासून तिच्यावर माझा पूर्वीइतका भरवसा नाही, पण कायद्याला एवढी पुरते, असे वकील श्रीपाल म्हणतात. याआधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मशीनबद्दल जे लिहिले होते ते चूक आहे.

कलम १. राहते घर मुलगा गोमटेश याला. परसातला शेवगा त्याने तोडू नये. पाला पडतो ही तक्रार मी ऐकलेली आहे.

कलम २. पतसंस्थेतली ठेव गोमटेश आणि सून प्रिया यांना निम्मी निम्मी. प्रियाची वेगळ्या खात्यात. कारण गोमटेशला माहीत आहे.

कलम ३. मोठी कात्री प्रियाला. तिने एकदा त्या कात्रीने दुधाची पिशवी कापली. पुन्हा कापू नये.

कलम ४. शिवणाचे मशीन.

त्याची किंमत कळावी म्हणून वकिलांनी गेल्या महिन्यात बेळगावच्या सौरव यांना बोलावले. ते जुन्या मशिनांची पारख करतात. मशीनवरचे सोनेरी इंग्रजी नाव त्यांनी नीट पाहिलेही नाही. ते नाव व्यापारी सांगेल ते लावतात, म्हणाले. चाक हाताने फिरवून त्यांनी कान लावला. बॉबिनची डबी काढून पाहिली. मग मशीन मागे कलते केले, पोटातले तेल पुसले आणि बॅटरी धरली.

“जपानी आहे,” ते म्हणाले.

तिथे जे आणि ए ही इंग्रजी अक्षरे आणि अठराचा आकडा ओतलेला आहे. मी हसून सांगितले की ती माझ्या आईची खूण आहे. जे म्हणजे जयाबाई, ए म्हणजे वडील आण्णाप्पा, अठरा म्हणजे आईचे लग्नातले वय. ते हसले नाहीत. त्यांनी फोनमधले फोटो दाखवले. सांगलीचे एक मशीन, मडगावचे एक, एक अमेरिकेतले. सगळ्यांच्या पोटात तीच दोन अक्षरे. लढाईनंतर जपानात अनेक कारखान्यांनी एकाच नमुन्यावर मशिने काढली. अक्षरे ही तिथली खूण, आणि पुढचा आकडा कारखान्याचा.

“तुमच्या आईंना जपानात कोण ओळखणार?” त्यांनी विचारले. चांगल्या मनाने विचारले.

या अक्षरांनी काय केले ते लिहिते.

राजाबाई, म्हणजे आमची आक्का, ही माझी थोरली बहीण, आण्णांच्या पहिल्या बायकोची मुलगी. आण्णा लोंढ्याला लाकडाच्या वखारीत होते, तेव्हा गोव्याकडून आलेले हे मशीन त्यांनी घेतले. ते वारले त्या सुमारास आक्का विधवा होऊन बोरगावला माहेरी आलेली होती. वाटणीच्या दिवशी ती म्हणाली, मशीन आण्णांनी मला दिले आहे, तसे बोलले होते. माझी आई आधीच गेली होती. विचारायला कुणी नव्हते. चुलते, आमचे थोरले आप्पा, घरात एकटेच इंग्रजी शिकलेले. त्यांनी मशीन कलते करून अक्षरे वाचली.

“आण्णाप्पानं बायकूचं नाव लोखंडात ओतून घेतलंय,” ते म्हणाले. “आता बोल.”

आक्काला इंग्रजी येत नव्हते. तिने अक्षरांवर बोट ठेवले. काढून घेतले. सावत्र हा शब्द आमच्या घरात त्या दिवशी पहिल्यांदा उच्चारला गेला. खोटारडी हाही.

आईची वस्तू म्हणून मशीन मला आले. मी त्यावर घर चालवले. आक्काने निपाणीत जन्मभर विड्या वळल्या. लग्नकार्यात भेटलो की मी वाकून नमस्कार करायची, ती “जेवलीस का” म्हणायची. ती खोटे बोलली याचे मला वाईट वाटे. मनातून मी तिला माफही केले होते.

आप्पांनी कुणाला फसवले नाही. त्यांनी जे वाचले ते त्यांना खरे वाटले. आम्हाला सगळ्यांना वाटले. राग धरावा असे कुणी सापडत नाही.

सौरव गेल्यावर मी आक्काकडे जाऊन सगळे सांगितले. ती उन्हाला बसली होती. गुडघा चोळत होती.

“लोखंडाचं ऐकलासा समद्यांनी,” ती म्हणाली. “माझं न्हाय ऐकलासा.”

मशीन घेऊन जा म्हटले तर हसली. “गुडघं गेलं गं माझं. आता ह्या तुझ्या जपान्याला घिऊन काय करू?”

तरीही मशीन राजाबाईला, असे मी या कलमात लिहवून घेतले आणि वाचून दाखवायला तिला वकिलांकडे आणले. तिने शांतपणे ऐकले. खालच्या रिकाम्या ओळी कशाच्या, विचारले. साक्षीदारांच्या, वकील म्हणाले. चंदनाबाईंनी आमच्यासमोर सही केली हे खरे, असे सांगणाऱ्यांच्या. आक्काने पेन मागितले. ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकिलांनी तिला समजावले.

“मग वरचं नाव खोडा,” आक्का म्हणाली. “मशीन ऱ्हाऊ दे. माझी साक्ष घ्या.”

वकिलांनी माझ्याकडे पाहिले. मी खोडा म्हटले.

त्यामुळे मशीन गोमटेशकडे राहील. विकायचे झाल्यास जपानी म्हणून विकावे. पोटातली अक्षरे पणजीची आहेत असे नातवंडांना सांगू नये. मशीन कुणाचे होते असे कुणी विचारल्यास राजाबाईचे, असे सांगावे.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. तो माझा आहे.

ठिकाण: निपाणी
तारीख: १८ नोव्हेंबर २०२४

सही: चंदना बाळगोंडा मगदूम

साक्षीदार, ज्यांच्यादेखत ही सही झाली:

१. श्रीपाल उपाध्ये, वकील, निपाणी.

२. राजाबाई तवनाप्पा खोत, वय ऐंशी, राहणार निपाणी. सही कानडीत, स्वतःच्या हाताने. या कागदाबद्दल कुणाला शंका आल्यास तिला विचारावे.