दोन देश आणि चपलांची खोकी

ती. ताईस,

वाकून नमस्कार. (गुडघा वाकत नाही, तेव्हा वाकले असं धरून चाल.) तुझी कंबर कशी आहे? भाऊजी अजून औषधं खिडकीतून फेकतात का? इथे सगळे बरे आहेत, तुझा लेक सोडून. जेवतो भरपूर, पण माझ्याशी बोलत नाही. त्याच्याकडून तिखटमीठ लावून कळण्याआधी माझ्याकडून ऐक.

तुझ्या पंडिताला नोकरीसाठी साहेबांपुढे एक काम मांडायचं होतं. दोन छोटे देश, ते बाहेरून कागद आणि पुठ्ठा किती आणतात, वर्षानुवर्षं कोणाचं वाढलं, कोणाचं घटलं. मी म्हटलं, "शेजारणीने काय आणलं हे बघायला एवढं शिकावं लागतं होय रे?" तर म्हणतो, "मावशी, तू गप्प बस." (हे तुझे संस्कार.) पण ऐकलं तर प्रकरण घरातलंच निघालं. एक देश दरवर्षी मोजूनमापून आणणारा. दुसऱ्याचं एकदा घर भरून, एकदा हात हलवत. मी त्यांची नावं थोरली आणि धाकटी ठेवली. मध्येच कधीतरी धाकटी थोरलीच्या पुढे निघून गेली, आणि ती का गेली हेच साहेबांना सांगायचं होतं.

दोन मोठ्या पुठ्ठ्यांवर त्याने दोघींच्या रंगीत रेघा काढल्या, आणि वाळायला ठेवल्या कुठे, तर माझ्या कापायच्या मेजावर! चपलांच्या दुकानाला पुरवते त्या खोक्यांची घाई असली की त्या मेजावर पडेल ते मी कापते, हे घरातल्या मांजरालाही ठाऊक आहे. रेघा दिसल्या मला, नाही असं नाही. पण झाकणाच्या आत कोण डोकावतं? पंडित आंघोळ करून, केस विंचरून येईपर्यंत (नवरीसारखा वेळ लावतो) दोन्ही देश चपलांच्या दुकानात पोचलेसुद्धा.

मग धावलो. हा एकेक खोकं उघडून आत डोकं घालतोय, दुकानदार ओरडतोय, "अहो, माप सांगा, माप!" आणि हा म्हणतो, "मला धाकटी पाहिजे!" गिऱ्हाइकं पळाली. झाकणं सगळी मिळाली, एक सोडून. नेमकं तेच, ज्यात धाकटी पुढे जाते. आकडे संगणकात, आणि संगणक दुरुस्तीवाल्याकडे पोट उघडं टाकून पडलाय. पुन्हा जमवायला महिना जाईल म्हणतो.

साहेबांनी खळीने चिकटवलेले देश पाहिले, मधलं भगदाड पाहिलं आणि विचारलं, "इथे काय झालं?" हा म्हणाला, "मावशी झाली." साहेब हसले. (मला हसण्यासारखं काही दिसत नाही.) पण म्हणाले, ती वर्षं सोमवारपर्यंत आणा, नाहीतर जागा दुसऱ्याला. तेव्हापासून तुझा लेक भिंतीकडे तोंड करून बसलाय.

माझी चूक नाही. मेज माझं आहे.

तुझी,
धाकटी बहीण

ता. क. चपला बसल्या का? खोकी पोचवायला गेले तेव्हाच तुझ्यासाठी तो जोड घेतला आणि तुझ्या गावी जाणाऱ्याबरोबर धाडून दिला. नव्या खोक्यात, माझ्याच हातच्या.

पुन्हा ता. क. चपला राहू देत, झाकण पाठव. पत्र आणणाऱ्याच्या हातात आत्ताच दे. पाणी लावू नकोस.

शेवटचं ता. क. तुझा फेकाफेकीचा स्वभाव मी ओळखून आहे. झाकण फेकलं असशील तर पंडिताला एक शब्द कळवू नकोस. रेघ मी ओढते. धाकटीला थोरलीच्या वर न्यायचं, एवढंच ना? ते मला जन्मापासून जमतं.