बारीक आवाजाचा फोन

उधना, सुरत

सौ. सुषमास निंबाचे अनेक आशीर्वाद. (बायकोला आशीर्वादच लिहायचे असतात असं माझ्या खोलीतला भटू म्हणतो. मला तर पाच महिन्यांनी नमस्कारच घालावासा वाटतोय.) आईचा मोडलेला पाय कसा आहे? तुझी तब्येत? मी ठीक, पोळ्या जाड.

आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, तू आईच्या सेवेला गावी गेलीस, तेव्हापासून फोनवर तुझा आवाज फार बारीक येतो. मला वाटलं, मागाच्या धाग्यांची धूळ फोनच्या भोकांत बसली. आधी माझ्याच दातांच्या ब्रशने घासला. मग दसऱ्याला कारखान्यात पाने-पकडी, कातरी पूजेला मांडल्या, त्यांत फोनही ठेवला. तुझा आवाज आणणारं तेच तर यंत्र! पण भटूचा हात सढळ. त्याने ओलं कुंकू असं थापलं की भोकंच बुजली. ते काढायला मी माग झाडायची हवेची नळी फोनवर धरली, तर मागचं झाकण उडून चालत्या मागात शिरलं, शंभरेक धागे तुटले आणि शेठ ओरडले, "निंबाभाई, आ शुं करो छो?" (काय सांगणार, बायकोचा आवाज धुतोय?) शेवटी फोन दोन दिवस तांदळात पुरला. तो तांदूळ भटूने शिजवला. खिचडी गुलाबी झाली, पण चवीला बरी होती.

तरी आवाज बारीकच. मग किरणच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात नेला. त्याने उघडला, पुसला, कानाला लावला आणि म्हणाला, "काका, फोनमां कंई नथी. सामेवाळा ज धीमे बोले छे."

म्हणजे फोन चांगलाय, समोरचं माणूसच हळू बोलतं! तेव्हा डोक्यात उजेड पडला. आई फोनवर "जेवना का रे भाऊ?" म्हणते, ते शेजारच्या खोलीतही ऐकू जातं. तू मात्र तिच्या खाटेजवळ बसून, तोंडाला पदर लावून बोलतेस. सुषमा, मला तुझी फार आठवण येते. इथे तुझ्या चपलाही मी दारातून हलवल्या नाहीत.

तुझा,
निंबा

ता. क. पत्र गावी निघालेल्या भटूच्या हाती देतोय. आईने विचारलं तर औषधांची यादी आहे म्हण.

ता. क. दोन. खरी विनंती ही : शनिवारी पाचला खळ्यात जा, पदर बाजूला कर आणि फोनवर एकदा माझं नाव घे. मोठ्याने.

ता. क. तीन. पाकीट चिकटवणार तोच आईचा फोन. "मना पाय बरा शे. तुनी बायको दिनभर पदरघाई फोन पुसत ऱ्हास. म्हणस, तुना आवाज बारीक येस. तिले लई जाय, नहीतर काच झिजी जाई." म्हणजे तूही तिकडे पदराने फोनच पुसतेस! तेव्हा वरची विनंती रद्द. रविवारी न्यायला येतोय. पत्र तरी पाठवतोच, कारण यातलं अर्धं मला तुझ्यासमोर बोलता येणार नाही.