मेथी कुठं धुतली?

५ जानेवारी २००३
अब्रू गेली! भर गंगापूर रोडवर, गिऱ्हाइकांसमोर. रविवार म्हणून पूजाला भाजी विकायला सोबत नेलं, ही माझीच चूक. पाचवीतली पोर! एक बाई मेथीची जुडी पिशवीत टाकत होत्या, तर ही म्हणते, "काकू, घरी नीट धुवा हं. आम्ही नाल्यात धुतो." बाईंनी जुडी परत पाटीत ठेवली. मागच्या दोघी तशाच पुढे गेल्या. अर्धी पाटी घरी आणली.

आल्याबरोबर एक धपाटा घातला. रडली नाही. "शाळेतल्या मॅडम म्हणतात, माहीत असेल तर गप्प बसायचं नाही." मॅडमना काय जातंय!

७ जानेवारी
सगळा मळा नाल्यातच भाजी धुतो. बुडवली की कशी टवटवीत दिसते! लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी पहिलं हेच शिकवलं. वरून गटार मिळतं ते काय मला दिसत नाही? दिसतं. वाहतं पाणी आहे, असं म्हणायचं आणि जुडी बुडवायची.

९ जानेवारी
पूजाने शाळेतून पाणी तपासायची, आत औषध घातलेली बाटली आणली. नाल्याचं पाणी भरलं, गोधडीत गुंडाळून ठेवली. घाण असेल तर काळं होतं म्हणे. सासूबाई म्हणाल्या, "अंडी उबवती का काय ही!"

११ जानेवारी
काळंकुट्ट! पूजा बाटली घेऊन घरोघर फिरली, मागे सात-आठ पोरं. मला राग येत होता आणि कौतुकही वाटत होतं. शेजारच्या झुंबरबाई ओरडल्याच — "आमच्या पोटावर पाय देती का गं!"

१२ जानेवारी
आजपासून आमची मेथी विहिरीवर. सगळा मळा पिण्याचं पाणी तिथूनच नेतो, म्हणजे चांगलंच. लाइट नव्हती, मोटार बंद. मी शेंदलं, सासूबाईंनी धुतलं — कुरकुरत, पण धुतलं. हात गारठले.

२० जानेवारी
"विहिरीवर धुतलेली!" असं ओरडून विकते आता. त्या दिवशीच्या बाई परत आल्या. पाटी दहाच्या आत रिकामी! झुंबरबाईंची मेथी पडून होती. खरं सांगू? बरं वाटलं मला. वाटायला नको होतं.

२३ जानेवारी
झुंबरबाई बांधावरून — "लय शहाणी हाय ना तुझी पोरगी? मग हिरीचं पाणी का नाय भरलं बाटलीत?" पूजा लगेच तयार. मीच म्हटलं, कशाला उगाच! शाळेतून दुसरी बाटली आणून ती माझ्यापुढे उभी राहिली. शेवटी भरू दिली.

२५ जानेवारी
काळं. विहिरीचंसुद्धा!

पूजा हमसून हमसून रडली. "आई, फेकून देऊ? कुणाला कळणार नाही." माझ्याही मनात तेच होतं. पण तिच्या तोंडून ऐकलं आणि लाज वाटली. पदर खोचला, बाटली उचलली, तिला घेऊन झुंबरबाईंकडे निघाले आहे. आता मळाभर करतील, करू देत.

संध्याकाळी
झुंबरबाई हसल्या नाहीत. बाटली उजेडात धरली, मग पाळण्यातल्या नातवाकडे बघितलं. पूजाला जवळ बसवून घेतलं.

"हिरीत जंतू मारायची पावडर टाकायची आस्ती ना? किती, ते सांग पोरी. मी समद्यास्नी बोलावते."